नर वेलीखाली

३ मे १९६२

कॉलेजातले माझे देवस्थळी सर येतायत! धामापूरला, आमच्याच घरी! उंबळीच्या बिया हव्यात त्यांना. देवाची करणी नि नारळात पाणी!

४ मे

उंबळीची वेल पाहून कोणीही फसतो. पानं रुंद, जाळीदार शिरांची, थेट फुलझाडासारखी. पण फूल नाही, फळ नाही — बी उघडंच. सर म्हणायचे, फुलझाडांची पूर्वज हीच. मी लाकडातल्या नळ्या तपासल्या. त्या फुलझाडांपेक्षा वेगळ्याच रीतीने बनतात. प्रबंधात लिहिलं — तोंडावळा फुलझाडाचा, पण गोत चीड-देवदाराचं.

सरांनी नापास केलं! "बाई, भाजी निवडा." मी घरी बसले. चार वर्षांनी माझंच मत त्यांच्या नावावर छापून आलं, माझ्या आकृत्यांसकट! विसरले तर नावाची नाही.

५ मे

बेत ठरला. उंबळीत नर वेल वेगळी, मादी वेगळी. बी फक्त मादीला. राईतल्या मादीच्या सगळ्या बिया गडी महादूकडून काढवून घरी आणल्या. सरांना तळ्याकाठच्या नर वेलीखाली बसवणार. तुरे इतके उंच की नर की मादी ते खालून कळतच नाही. बसा म्हणावं, बी पडायची वाट बघत!

७ मे

आले. चहाबरोबर आईने उंबळीच्या बिया भाजून पुढे ठेवल्या — मीच सांगितलं होतं. "वा! काय आहे हे?" "रानातला खाऊ, सर." बशी रिकामी केली! जे शोधायला आला तेच चावून गिळलं! इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

८ मे

दिवसभर वेलीखाली. डास भरपूर.

१० मे

मानेवर गांधी उठल्यात. "उद्या पडेल एखादी," म्हणतात. मी मान डोलावते, मनात उकळ्या फुटतात. आई मात्र हळहळते — "मास्तराचे हाल बघवनत नाय गो."

११ मे

गेले. तळेऱ्याची एस.टी. पकडली. रिकाम्या हाताने! खिडकीतून हात जोडले. मी नाही जोडले.

१२ मे

उरलेल्या बिया मागितल्या, तर आई म्हणते, "मास्तराक दिलंय. पयल्याच सांजेक मागल्यान. 'कच्च्या आहेत का? मुलीला सांगू नका,' तो म्हणालो. इतक्या लांबसून इलेलो माणूस, नाय कसा म्हणू?"

पहिल्याच संध्याकाळी! म्हणजे बिया पिशवीत होत्या, तरी रोज जाऊन तिथे डासांना रक्त पाजत बसला! माझं समाधान व्हावं म्हणून!

शोध चोरलाच होता. आता सूडही नेला!