वनकेशीची बाटली

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा तोच वास! दार लावलं, पंखा लावला, तरी स्वयंपाकघरापर्यंत आला. डोळ्यांची नुसती आग. रोझमेरी पुढच्या खोलीत, तिच्या पार्लरमध्ये, एका मुलीचे केस सरळ करत होती. सुनेला पाचवा महिना चालू आहे आणि नाकाला साधा रुमाल!

हा वास मी ओळखते. बी.एस्सी.ला असताना प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मेलेले बेडूक ज्या पाण्यात ठेवायचे, त्याचा. फॉर्मॅलिन. बाटलीवर मात्र हिरवी पानं आणि ठळक अक्षरं — 'वनकेशी. घातक रसायन नाही. प्राण्यांवर चाचणी नाही.' म्हणजे ससे वाचवले, आणि चाचणी माझ्या नातवंडावर!

"मम्मी, तुम्हाला फोडणीचा वाससुद्धा सहन होत नाही," म्हणाली. हसली. मग खोकत राहिली.

१४ नोव्हेंबर

ती रात्रभर खोकत होती. मुलाला, जेन्सनला, कुवेतला फोन केला. "मम्मी, ब्रँडेड आहे ते. कशाला घाबरतेस?"

ब्रँडेड!

१६ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर महिला मंडळाची सभा. नाताळच्या बाजारात वनकेशी कंपनीला स्टॉल हवा आहे. कुठली कंपनी सचोटीची, कुठली लबाड, हे तपासायचं काम यंदा माझ्याकडे. फेलिशिया अध्यक्ष. म्हणाली, "टीचरच्या हातून पास झाला, तो संतच समजा!" सगळ्या हसल्या. मी नाही हसले. उभी राहिले आणि सांगून टाकलं — कंपनी खोटारडी आहे. तिथेच, सगळ्यांसमोर, कंपनीला ईमेल पाठवला. बाटलीचा फोटो, पार्लरचा पत्ता, सगळं दिलं.

बाहेर पडताना फेलिशियाने हळूच विचारलं, "सुनेला विचारलंस का गं आधी?"

तिला काय विचारायचं? तिचाच जीव धोक्यात आहे!

१९ नोव्हेंबर

शेजारच्या आल्बर्टची मुलगी व्हिव्हियन आज केस सरळ करून गेली. शनिवारी लग्न. मी अडवलं होतं. संध्याकाळी तिचा आवाज बसला, डोळे लाल. आल्बर्ट म्हणतो, "रडली असेल हो टीचर, सासरी जायचंय ना."

मुलीचा आवाज रडून असा बसत नाही. मला भीती वाटते. कोणालाच कशी वाटत नाही?

२० नोव्हेंबर

कंपनीतून फोन आला. संपदा नावाची मुलगी. मी भांडायच्या तयारीत. ती शांत. "मॅडम, आम्ही उद्या येतो. त्याच बाटलीतला नमुना घेऊ, तुमच्यासमोर. पण आमच्या क्रीमला असा वास येतच नाही. सौम्य आहे ते. म्हणून तर तीन दिवस केसांना पाणी लावू नका सांगतो. लावलं तर परत कुरळे होतात."

फोन ठेवला आणि तिथेच बसले.

तीन दिवस! आमच्याकडे लग्नाआधी मांडवाच्या दिवशी बँड वाजवत विहिरीचं पाणी आणतात, नवरीच्या डोक्यावर ओततात. नवऱ्या मुली केस करायला येतात त्याच्या आदल्या दिवशी, फार तर दोन दिवस आधी. आणि रोझमेरीच्या एकाही नवरीचे केस आजवर बिघडले नाहीत.

पुढच्या खोलीत गेले. ती स्टुलावर बसली होती, पाय सुजलेले.

"बाटलीत काय आहे?"

"सातिवलीला एका गोडाऊनमध्ये सुटं क्रीम मिळतं. तेच यात भरते. ते पाण्यात टिकतं, मम्मी. वनकेशी नाही टिकत. पण बायका बाटली बघूनच बसतात."

"तुला त्रास होत नाही?"

"होतो."

"मग?"

"केस बिघडले की नवरीची आई माझ्या दारात भांडायला येणार. जेन्सन इथे नाही. आणि तुम्ही काय माझ्या बाजूने उभ्या राहणार? तुम्ही आधी विचाराल, चूक कोणाची?"



२१ नोव्हेंबर, सकाळ

रोझमेरीला डॉक्टरकडे नेलं. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. "पण त्या वासात पुन्हा जायचं नाही," असं डॉक्टरांनी बजावलं. येताना आल्बर्टकडे गेले. व्हिव्हियनला आत्ताच्या आत्ता दाखवून आण म्हटलं, क्रीम वाईट आहे. एवढंच म्हटलं. कोणाचं क्रीम, ते नाही.

आता भीती दुसरीच. कंपनीला पत्ता मीच दिला, आता रोझमेरी पकडली जाणार! बाटली घेऊन मोरीपाशी उभी राहिले. ओतावी? शाळेत कॉपी करणाऱ्या मुलींना मी कधी सोडलं नाही. बाटली परत जागेवर ठेवली. रोझमेरी दारातून बघत होती.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ

संपदा आली. साक्षीला फेलिशिया, मंडळाच्या आणखी दोघी. संपदाने झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. "हे आमचं नाही. कोणी भरलं यात?"

रोझमेरी उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"मी," म्हटलं.