टेकायची रीत

३ फेब्रुवारी, मंगळवार
मुलाचा फोन. माझं सामान त्याच्याकडे न्यायला ट्रक चौदा तारखेला, शनिवारी येणार. "आई, तू तिथे एकटी बोलणार कोणाशी?" खरं आहे. बोलायचं खातं ह्यांचं होतं. मी आत असायचे. ह्यांना जाऊन आज एकतीस दिवस.

५ फेब्रुवारी
कपाटाचे दोन खण आवरले. ह्यांचे शर्ट तसेच राहू दिले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर ह्यांची वेताची खुर्ची आहे. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई येताजाता तिच्यावर मिनिटभर टेकतात. बारा वर्षं झाली. मग घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा टेकायला लागले, मागून वरचे सगळेच. ह्या इमारतीत घरागणिक भाषा वेगळी, देव वेगळे, दारावरची खूण वेगळी. मला वाटायचं, त्यांच्यात तशी रीत असेल. कधी विचारलं नाही.
खुर्ची ट्रकमध्ये न्यावी की नाही, ठरत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
खुर्ची पुसायला आत घेतली. परत ठेवायची राहिली. तासाभरात शिवणवाल्या बाई सुनेला घेऊन दारात. चेहरा उतरलेला. सुनेला आपली भाषा येते. म्हणाली, "सासूबाई विचारतायत, दुखवट्यात तुम्ही लोक बसवत नाही का?"
"आमच्यात कुठे बसवतात? रीत तुमची ना?"
सुनेने सासूबाईंना खोदून विचारलं, मला सांगितलं. मग उलगडा झाला. हे रोज सकाळी बाईंना त्यांच्या भाषेत नमस्कार करायचे. कुठूनसा शिकलेला एकच शब्द. शेवट आखूड ठेवला तर नमस्कार, लांबवला तर — 'बसा'. ह्यांना सगळंच लांबवून बोलायची सवय. बारा वर्षं हा माणूस त्या बाईंना बसवत होता! आणि त्या हातात पिशव्या घेऊन मुकाट बसत होत्या. नाही बसलं तर वाईट दिसेल म्हणून. वर राहायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनीच बजावलं होतं — तिसऱ्या मजल्यावरच्यांची रीत आहे, टेकल्याशिवाय पुढे जायचं नाही.
मी हसत सुटले. सुनेने पाणी आणून दिलं. मग रडू आलं. हे गेल्यापासून दोन्ही पहिल्यांदाच. बाई माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

९ फेब्रुवारी
खुर्ची जागेवर ठेवली. घड्याळवाले आजोबा टेकले. त्यांना खरं काय ते सांगणार होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "तुमच्या रीतीमुळे गुडघ्यांना आराम पडतो हो." नाही सांगितलं. रीत कोणाचीच नाही, मग मोडायचा हक्क तरी कोणाचा?

११ फेब्रुवारी, बुधवार
बाई पुन्हा आल्या. वही आणि पेन्सिल घेऊन. सुनेने सांगितलं, "म्हणतायत, तुमचे साहेब बारा वर्षं माझी भाषा चुकीची बोलले. आता तुम्ही मला तुमची बरोबर शिकवा." रोज दुपारी चार वाजता. सोमवारपासून जमेल का? मी हो म्हणून बसले. शनिवारचं नंतर लक्षात आलं.

१२ फेब्रुवारी
मुलाला फोन केला. ट्रक नको म्हटलं.
"का गं, काय झालं?"
"सोमवारी मला काम आहे."