मशीनगनवरील पट्ट्या शाबूत राहाव्यात म्हणून केलेल्या प्रार्थनेची चौकशीत नोंद घेणेबाबत

प्रति,
मा. तळप्रमुख,
विदरिंगफोल्ड हवाई तळ, ससेक्स

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : वैमानिक डेन्झिल पेनहेल यांच्यावरील भित्रेपणाच्या आरोपाची येत्या सोमवारची चौकशी.

महोदय,

१. मी कापडकाम विभागात आहे. पेनहेलसाहेबांच्या हरिकेन विमानाच्या पंखांतल्या मशीनगनच्या तोंडांवर लाल कापडी पट्ट्या चिकटवणे हे माझे काम. गोळी सुटली की पट्टी फाटते. विमान उतरले की सगळा तळ आधी पट्ट्या पाहतो, मग माणूस.

२. जुलैत त्यांनी शत्रूचे पहिले विमान पाडले. उतरल्यावर पंखाला टेकून ते एवढेच म्हणाले, "बर्नडेट, जळताना तो माझ्याकडेच बघत होता गं." त्या दिवसापासून मी एक नेम केला. ते उतरेपर्यंत चहाचा घोटही घ्यायचा नाही, जपमाळ ओढायची आणि मागायचे की, ते परत यावेत, पट्ट्या शाबूत असाव्यात. साहेबांना हे ठाऊक नाही.

३. मागणे मान्य झाले. पट्ट्या शाबूत येऊ लागल्या. मेकॅनिक गॅड्सबी म्हणू लागला, "काय बर्नडेटबाई, तुझे साहेब लढायला जातात की हवा खायला?" मी मान खाली घालून नव्या पट्ट्या कापत राहिले. खरे सांगायचे तर मनातून मला बरे वाटत होते.

४. गुरुवारी त्यांचे जोडीदार सार्जंट लिडगेट परतले नाहीत. लिडगेट यांच्या मागे लागलेले शत्रूचे विमान पेनहेलसाहेबांच्या अगदी समोर होते, तरी त्यांच्याने गोळीचे बटण दाबले गेले नाही. पट्ट्या शाबूत होत्या. मी मागितल्या होत्या तशाच. लिडगेट यांच्यासाठी मी काहीच मागितले नव्हते. ते माझ्या ध्यानातच आले नाही.

५. पाद्रीसाहेब म्हणाले, "पोरी, देव असा हिशेब ठेवत नाही." मला ते पटत नाही. चौकशीत वाऱ्याची नोंद होते, ढगांची होते. मग प्रार्थनेची का होऊ नये? तरी ती नोंद व्हावी, साहेबांचा वैमानिकाचा बिल्ला काढून घेऊ नये आणि जी शिक्षा असेल ती मला व्हावी, ही विनंती.

६. माणसे कमी असल्याने साहेब उद्या रविवारीही उडणार आहेत. पट्ट्या मी लावल्या आहेत. त्या शाबूत मागाव्यात तर आणखी कोणी लिडगेट जाईल. फाटलेल्या मागाव्यात तर कोणी जळताना साहेबांकडे बघेल. माझी जीभ उचलत नाही. तरी विमान निघण्यापूर्वी मी काय मागावे, एवढा आदेश व्हावा.

आपली आज्ञाधारक व अपराधी,
बर्नडेट हॉल्सल
शनिवार, १४ सप्टेंबर १९४०

सोबत : गुरुवारी उतरवलेल्या पट्ट्या, न फाटलेल्या.