पाटाविना उठवणी

वाटवार

आज पोचले. वाटवारी घर बदललं की पायांतला देव खूश असतो म्हणतात. माझा वाटसरू तर गल्लीच्या तोंडापासूनच नाचत होता. घर छान आहे. माझी खोली बाबांच्या खोलीला लागून, खिडकी अंगणात उघडते. कपाटाचं दार तेवढं गुडघ्याने रेटावं लागतं. सूनबाईंना वहिनी म्हणायचं ठरलं. त्यांनी गरम दूध दिलं आणि बाबांचं, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचं, काम समजावलं. आंघोळ, औषधं, पेज भरवणं, कूस बदलणं. या मोठ्या घरात आता सासरा आणि विधवा सून, दोघंच.

बाबा म्हणजे इथले एके काळचे निवाडेपुजारी. सहा देवांच्या वतीने निकाल द्यायचे. आता पाय गेलेत, त्यांचा वाटसरू कधीच निघून गेलाय, अंथरुणाला खिळलेत, पण नजर अजून टोचते. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, अशी हसरी बाई या घरात हवीच होती.

हसू नको तर काय करू. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली, तो माणूस उद्यापासून माझ्या हातून आंघोळ करणार आहे.

उजळवार

माणसाच्या अंगात सहा देव राहतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पायांत वाटसरू, डोळ्यांत उजळी, कानांत कानोसा, जिभेवर बोलकी, हातांत जुळे आणि श्वासात फुंकर. मरताना ते आपल्या पावलांनी निघून जातात. जिवंतपणी घालवायचे तर त्या त्या देवाच्या वारी उठवणी म्हणावी लागते. ती शिक्षा. देवांशी खोटं बोलणाऱ्याची.

माझी आई देवळात झाडलोट करायची. उजळीच्या मूर्तीचा सोन्याचा डोळा नाहीसा झाला, तेव्हा तो बाबांच्या मुलाच्या हातात पाहिल्याचं तिने सांगून टाकलं. मुलगा सुटला. आई खोटारडी ठरली. तिला चौकात बसवून बाबांनी तिच्यातला एकेक देव उठवला. मी पुढच्या रांगेत होते. उठवणीचा शब्द न् शब्द तेव्हाच पाठ झाला, तो आजतागायत पुसला गेला नाही.

आज त्यांचं तोंड पुसताना ओल्या फडक्याआडून ती डोळ्यांवर म्हटली. दुपारी त्यांनी विचारलं, खिडकी का लावून घेतलीस. खिडकी सताड उघडी होती.

आज जेवण दोन घास जास्तच गेलं.

कानोसवार

कान साफ करता करता काम झालं. वहिनी हाका मारून मारून दमल्या. डॉक्टर येऊन गेले, वयोमान म्हणाले. मीही मान डोलावली.

आईचं असंच झालं होतं. मी जीव तोडून हाका मारत होते आणि ती भलतीकडेच हात पुढे करत होती.

माझ्या डोळ्यांना मात्र काहीतरी झालंय. भिंतीकडे पाहिलं की तिच्यावर दुसरीच भिंत दिसते, पातळ पडद्याआडून दिसावी तशी. झोप पुरत नाही, दुसरं काय.

बोलवार

सकाळी डोळे उघडले तर समोर चौक. उंचावरून, पुजाऱ्याच्या आसनावरून दिसत होता. खाली आई. पुढच्या रांगेत एक पोर, वेणीचं टोक दातांत धरलेली. ती पोर मीच. मला मी त्यांच्या डोळ्यांनी दिसले.

तेव्हा उमगलं. उठवणीच्या वेळी आसनासमोर दगडी पाट मांडलेले असायचे. मला वाटायचं, शोभेला आहेत. उठलेल्या देवाला बसायला जागा लागते. या खोलीत पाट नव्हते. मी होते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण कानांत कुणीतरी रडायला लागलं. बाबांचा मुलगा. त्यांचे पाय धरून म्हणत होता, “बाबा, तो डोळा मीच घेतला.” निवाड्याच्या आदल्या दिवशीचं रडणं.

म्हणजे या माणसाला माहीत होतं. आईला चौकात बसवलं तेव्हाही माहीत होतं.

पेज भरवली, ओठ पुसले आणि बोलकीही उठवली.

जुळवार

बाबांची वाचा गेली. हसतात मात्र. आंधळे, बहिरे, मुके, आणि हसतात.

भांडी आवरताना माझ्या तोंडून निघालं, “सूनबाई, जरा पाणी आण.” वहिनींच्या हातातलं पातेलं पडलं. आवाज माझाच होता, पण ती हाक बाबांची. मी ओठ मिटले. ते पुन्हा उघडले. जीभ आणखी बोलली, सावकाश, घोळवून —

“हिलाच कामाला ठेव. त्या झाडणाऱ्या बाईची पोर आहे, उठवणी येत असणार तिला. हे अंग आता माझ्या कामाचं नाही.”

मी येण्याआधी त्यांनी वहिनींना सांगितलेलं. शब्द न् शब्द तेच असणार, कारण वहिनींनी वर पाहिलंच नाही. खाली मान घालून पातेलं उचललं आणि घासत राहिल्या.

हातांतले जुळे उठवणार नाही. सामान बांधते. आत्ताच —

जुळवार, संध्याकाळ

जीभ ऐकत नाही. तोंडाला फडकं बांधलं तरी आतून उठवणी चालूच. शेजारच्या खोलीत त्यांचे हात गादीवर गळून पडले, ते मला इथे बसून कळलं.

दाराची कडी मीच घातली. माझ्या हातांनी. आता काढायला जाते तर बोटं वळत नाहीत.

आणि हे अक्षर. माझं अक्षर असं तिरकं नव्हतं.

फुंकरवार

पहाटे उठलो.

उठले. उठले. मी उठले.

एकच देव राहिलाय त्यांच्यात. उठवणीआधी मेले तर फुंकर आपल्या पावलांनी जाईल, पाट लागणार नाही. उशी घेतली. तोंडावर दाबायची होती. हातांनी ती झटकली, नीट करून त्यांच्या मानेखाली सरकवली. मायेने. मी ओरडत होते — बहुतेक — ऐकू आलं नाही

आई, मी तुझ्यासाठीच — तुझा सूड घ्यायला — त्या बाईचा निवाडा मी बरोबरच केला होता

नाही. आई. मी तुझी —

जीभ सुरू झाली. छाती फुगतेय. एवढा श्वास एका माणसाचा नसतो. पलंगावरचं तोंड उघडं पडलंय, हसू तसंच

आई

उजेड छान पडलाय. खिडकीपर्यंत चालत गेलो. किती वर्षांनी चालत. पाय हलके आहेत पोरीचे. सूनबाईला हाक मारून म्हणालो, त्या म्हाताऱ्याचं अंथरूण आता गुंडाळून टाक.