दुकान बंद नाही

९ फेब्रुवारी, सोमवार

चि. थोरल्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण त्याला कोण भीक घालतंय! सूनबाईचा खोकला गेला का? छोटीला दात आले का, तेही कळव.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू "आई, बिझी आहे, नंतर बोलतो" म्हणून मोकळा होतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

हा तुमचा 'बिझी' भारी शब्द आहे हं. मीटिंगमध्ये असलास की बिझी, जेवत असलास की बिझी. सूनबाई "ते जरा बिझी आहेत" म्हणते तेव्हा मागून तुझं घोरणं ऐकू येतं. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा तर आम्ही कधीही फोन करावा, लाइन बिझी! मी मात्र हा शब्द कधी वापरला नाही. एक डोळा गॅसवर, एक तुझ्या पाढ्यांवर, काखेत धाकटा, आणि कुणी विचारलं तर "काही नाही हो, घरीच असते."

मागच्या आठवड्यात तू म्हणालास, "बाबा गेले, दुकान बंद पडलंय, तू दिवसभर रिकामीच असतेस. जागा भाड्याने देऊ, तू इकडे ये." मोबाइल कव्हरवाला भाडेकरूही बघून ठेवलास, रविवारी त्याला जागा दाखवायला आणणार आहेस. तुझा हेतू चांगला आहे, कळतं मला. पण 'रिकामी' ऐकून राग आला. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

आता खरं काय ते सांगते. दुकान बंद नाही. पावसाळा संपल्यापासून मीच उघडते. फोटो येतात, फ्रेम होऊन जातात.

बाबांची रीत आठवते ना? काच कापायला घेतली की स्टूल उंबरठ्यात उलटं ठेवायचे. मग कुणी हाकसुद्धा मारायची नाही. हिरकणीचं टोक काचेवर टेकवलं की रेघ एका दमात ओढावी लागते. हात मध्येच थांबला तर काच भलतीकडे तडकते. मी ते स्टूल ओलांडून चहा ठेवायचे आणि मुकाट्याने बघत उभी राहायचे. इतकी वर्षं बघितलं, ते कुठे जाईल?

पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. पहिलं काम शाळेतल्या निवृत्त बाईंच्या लग्नाच्या फोटोचं. मी शहाणीने माप फ्रेमच्या बाहेरच्या कडेचं घेतलं, आतल्या खाचेचं घ्यायचं विसरलेच! काच काही केल्या बसेना. जोर लावला तर मोडली. बाई समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "असू द्या हो, आमचे हेही असेच होते, कुठे म्हणून बसायचे नाहीत." दोघी पोट धरून हसलो. दुसरी काच नीट बसली. बाईंनी शेजारणीला पाठवलं, शेजारणीने जावेला. आता टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नसते.

परवा तुझा फोन वाजत होता तेव्हा मी उचलला नाही. आजारी नव्हते, रुसलेही नव्हते. स्टूल उलटं होतं.

तेव्हा कव्हरवाल्याला नाही म्हणून सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि माझं तोंड तुला माहीत आहे. तुझ्याकडे येईन, नातीला मांडीवर घेईन, चार दिवस राहीन आणि परत येईन. बाबा गेल्यावर सकाळी उठून करायचं काय, हेच मला कळत नव्हतं. तुम्ही सगळे "आराम कर" म्हणायचात आणि मला रडू यायचं. आता उठल्याबरोबर कळतं काय करायचं ते. हे मी सोडणार नाही, बाळा.

रविवारी ये, पण एकटा ये. बाबांच्या फोटोला मी अजून हात लावलेला नाही. आधी दुसऱ्यांच्या फोटोंवर हात बसू दे म्हटलं. आता बसलाय. फ्रेम तू धर, खिळे मी मारते.

तुझी,
सध्या कामात असलेली,
आई