मराठीच्या उद्धाराचा क्लास, विठ्ठलवाडी

१३ जून १९८८
आजपासून क्लास सुरू. दारावर पाटी: ‘मराठी व्याकरण व साहित्य-आस्वाद. दहावी खास.’ पेंटरने ‘अस्वाद’ लिहिलं. झापला. म्हणतो, एक काना ही तो है साब, बाद में डाल देगा. या विठ्ठलवाडीत शुद्ध मराठी औषधालाही मिळत नाही. संकल्प: वर्षभरात उल्हासनगर कॅम्प तीनला शाखा.

१४ जून
मुलं तीन. तिन्ही दगड. उदाहरण दिलं, ‘जिजाने भाकरी केली.’ प्रयोग ओळखा. जिजा म्हणाली, नाही केली सर, आज भात होता. हरेश, बापाचा जीन्स शिवायचा कारखाना, म्हणाला, सर, भाकरी कोणी पण बनवली तरी काय फरक पडते? उभा केला. हिरामण बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा, इथे मामाकडे राहतो. तो काही बोललाच नाही. यांच्यातला त्यातल्या त्यात सुसह्य.

२ जुलै
पुस्तकातली कविता घेतली. बाई पाण्याची कळशी घेऊन दाराशी उभी, नवरा वर्तमानपत्र वाचतोय, दार उघडत नाही. मी समजावलं: बाई म्हणजे आत्मा, नवरा परमात्मा. जिजाने विचारलं, मग वर्तमानपत्र? मी तत्काळ सांगितलं, माया! स्वयंपाकघरात आमच्या हिला जोराचा खोकला आला. ताकीद दिली, शिकवताना खोकायचं नाही.

२५ जुलै
मी अंबरनाथहून कंपनी सुटून येतो, क्लास सातला. पोरं म्हणे साडेपाचलाच येऊन बसतात. याला म्हणतात शिक्षकाची ओढ. मात्र सातला जांभया देतात. हिला बजावलं, पोरांशी गप्पा मारून त्यांना दमवू नकोस. ही हूं म्हणाली. हिचं कायम हूं.

१९ ऑगस्ट
शेजारचे विचारत होते, तुमच्याकडे हल्ली फार पोरं दिसतात. सातला मात्र तीच तीन. बाकीची माझ्या धाकाने पळत असणार. धाक हवाच.
हरेश आज सरळ मराठीत बोलला, लिंगसुद्धा चुकला नाही. उभं करण्याचा परिणाम. रोज उभा करणार.
भावे प्रयोग सांगताना मी जरा अडखळलो (घसा). जिजाने पुढचं वाक्य पुरं केलं. आगाऊ!

२८ ऑक्टोबर
सहामाहीत तिघंही पास! शाळेतल्या मास्तरांच्या थोबाडीत. हरेशचे वडील मिठाईचा खोका घेऊन आले आणि माझ्या समोरून थेट आत हिच्या हातात देऊन, हात जोडून गेले. गुरू इथे बसलाय, मिठाई तिकडे! माणसाला रीत नाही. शाखेचा विचार पक्का. सत्काराचं भाषणही मनात तयार आहे.

१७ जानेवारी १९८९
कंपनीत लाईट गेली, लवकर सोडलं. घरी साडेपाचला. जिन्यात खालपर्यंत चपला. आत माझ्या खुर्चीवर ही, हातात खडू. खोली गच्च.
तीच कविता. हिने विचारलं, बाईला काय वाटत असेल? हिरामण, जो माझ्याकडे तोंड उघडत नाही, म्हणाला, बाई, ती चिडलेली नाय. हाका मारून मारून दमलीय. कोणी हसलं नाही. ही म्हणाली, असंच लिही.
मी आत पाऊल टाकलं. वाटलं, उठून उभी राहतील. जिजा हळूच म्हणाली, सर, तुमचा सातला ना? ही म्हणाली, जरा बाहेर बसता का, यांचं थोडं राहिलंय.
बसलो. चपलांमध्ये.
सातला कुणी थांबलं नाही. ही भाजी निवडत होती. दरडावूनच विचारायचं ठरवलं होतं, पण आवाज बारीक निघाला. तुला हे कुठून येतं? म्हणाली, बदलापूरला शाळेत मराठीत मीच पहिली यायची. पुढे शिकवायचं होतं. तुम्ही बघायला आलात तेव्हाच सांगितलं होतं.
बराच वेळ आठवून पाहिलं. आठवत नाही. तेव्हा बहुतेक मी बोलत होतो.