पा वॉल्टरांचा ट्वाट्वा आणि परसातला स्लॉथ

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.१०
सासऱ्यांचं, म्हणजे पा वॉल्टरांचं, खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांचा ट्वाट्वा पंधरा दिवस माझ्याकडे. अख्ख्या पारामारिबोत असा गाणारा पक्षी नाही. रविवारी १७ला मैदानावर पक्ष्यांची मॅच: पाव तासात ज्याचा पक्षी जास्त वेळा बोलेल तो जिंकला. तोवर पिंजरा रोज पहाटे बाजारातून फिरवायचा, म्हणजे तो गर्दीला बुजत नाही. एवढंच काम. उद्यापासून कडक शिस्त.

मंगळवार, ५ मार्च. ९.४०
जरा उशीर. पिंजरा स्वयंपाकघरातून व्हरांड्यात नेला. फिरवणंच झालं ते.
परसातल्या झाडावर स्लॉथ आलाय, जगातला सर्वात संथ प्राणी. तासात एक फांदी. दोघांची तुलना करणार, शास्त्रीय.

गुरुवार, ७ मार्च
ट्वाट्वा: दिवसभर उड्या, टिवटिव, छातीत धडधड. स्लॉथ: आठवड्यातून एकदा खाली उतरतो, तेही परसाकडे. चेहऱ्यावर काय समाधान! निष्कर्ष: पक्ष्याला विश्रांती हवी. बाजार रद्द. पिंजऱ्यावर कापड.
इल्से म्हणाली, लुसिएन, झाडावर एक आहे तेवढा पुरे की, घरात दुसरा कशाला?
बायकोला शास्त्र कळत नाही.

शनिवार, ९ मार्च
हॉस्पिटल. पांनी विचारलं, फिरवतोस ना रे? म्हटलं, रोज. तोंडातून निघूनच गेलं. त्यांनी हात धरला. म्हणाले, जावई नाहीस, मुलगा आहेस माझा.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जेवण गेलं नाही. कोंबडी घालून भाजलेला पोम दोनदाच घेतला.

बुधवार, १३ मार्च. पहाटे ५.००
उठलो! बाहेर पाऊस. झोपतो.

११.००
पाऊस नव्हता. शेजारी बागेला पाणी घालत होता.
कापड काढलं. पक्षी गप्प. शीळ घातली, तर पाठ फिरवली त्याने. पक्ष्यापुढे मान खाली घालावी लागली, हद्द झाली.

शुक्रवार, १५ मार्च
स्लॉथ रस्ता ओलांडून समोरच्या झाडावर गेलाय. इल्से म्हणाली, बघ, तोसुद्धा पोहोचला. फार लागलं. उद्या पहाटे चार. आईशप्पथ.

शनिवार, १६ मार्च. ८.१५
आई, माफ कर.

रविवार, १७ मार्च
समोरचा पक्षी पाव तासात एकशे बारा वेळा बोलला. खडूच्या रेघांना फळा पुरेना. आमचा फळा कोरा. पा कुबड्या घेऊन आले होते. मी सगळं कबूल करणार होतो, देवाशपथ. पण तेच आधी बोलले. म्हणाले, माझ्यावाचून झुरला रे बिचारा. चूक माझीच. म्हाताऱ्याने पक्षी पाळूच नये. त्यांनी पिंजरा पक्ष्यासकट तिथेच एकाला देऊन टाकला. डोळे पुसले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू मात्र माझ्यासाठी रोज पहाटे उठलास, पोरा.
मी म्हणालो, त्यात काय एवढं.